पणजीत पाण्याजवळ घर घेताना: आधी सह्या मोजा, मग भरती बघा

पुणे, कोल्हापूर, बेळगावकडची माणसं पणजीत घर बघायला येतात ती बहुधा डिसेंबर-जानेवारीत. ऊन कोवळं असतं, मांडवी शांत असते, मिरामारला वारा सुटलेला असतो. दलाल गॅलरीत उभं करून पाणी दाखवतो आणि तिथेच भाव सांगतो. त्या गॅलरीतून दोन गोष्टी दिसत नाहीत: या जागेवर कायद्याने किती जणांचा हक्क आहे, आणि समोरचं पाणी कुठपर्यंत येऊ शकतं. माझ्या आजूबाजूला जे व्यवहार वर्षानुवर्षं रखडलेले पाहतो, ते या दोनांपैकी एका ठिकाणी अडकलेले असतात. महाराष्ट्रात दोन-तीन घरं घेतलेल्या अनुभवी माणसालाही याचा अंदाज नसतो, कारण गोव्याचा वारसा कायदाच वेगळा आहे. म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहितो आहे. पणजी डोळ्यांसमोर ठेवली आहे, पण पर्वरी, रायबंदर, ताळगाव, दोनापावला इथेही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

मालक नक्की किती

गोव्यात नवरा-बायकोच्या मालमत्तेचा हिशेब लग्नापासूनच सुरू होतो. लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची आधीची, पुढे कमावलेली आणि वारशाने येणारी सगळी मालमत्ता एकत्र धरली जाते आणि तीत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. कागदावर नवऱ्याचं एकट्याचं नाव असलं तरीही. याचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यात आहे. तो १८७० पासून गोव्यात लागू झाला आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावरही चालू ठेवला गेला. वारसाहक्काचा भाग पुढे राज्य विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात आला आणि तो कायदा डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला, पण तत्त्व तेच राहिलं. हा कायदा हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सगळ्या गोमंतकीयांसाठी आहे. विकणारा कामत असो, नाईक असो की फर्नांडिस, तपासणी सारखीच. ‘घरचा कर्ता सही करतो आहे, बाकीचे ऐकतील’ हा आपल्याकडचा हिशेब इथे चालत नाही.

उदाहरणच घेऊ. सांतिनेजला एक जुनं घर आहे. आजोबा वारले, आजी हयात आहेत. चार मुलं, चौघांचीही लग्नं झालेली. अर्धं घर आजींचं. ते त्यांना वारशाने आलेलं नाही, लग्नापासूनच त्यांचं होतं. आजोबांचा अर्धा भाग चार मुलांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाला एक अष्टमांश. मुलगा-मुलगी असा भेद नाही. पण प्रत्येकाचा हा अष्टमांश त्याच्या स्वतःच्या संसाराच्या एकत्रित मालमत्तेत पडतो, म्हणून त्यात जोडीदाराचा निम्मा वाटा, म्हणजे एक षोडशांश. आता विक्रीखतावर सह्या किती हव्यात? आजी, चार मुलं आणि चार सुना-जावई मिळून नऊ. चौघांतला एक मुलगा लिस्बनला वारला असेल, तर त्याच्या जागी त्याची मुलं येतात, मुलांची लग्नं झाली असतील तर त्यांचे जोडीदार येतात, आणि त्याची पत्नी तिच्या वाट्यासह असतेच. दोन पिढ्या उलटल्या की सह्यांचा आकडा पंधरा-वीसवर सहज जातो.

विकणारा म्हणेल, ‘वडिलांनी मृत्युपत्र करून घर मला दिलंय.’ तेवढ्यावर थांबू नका. वडिलांना मुळात अर्ध्याच घरावर मृत्युपत्र करता येत होतं, आणि मुलं असतील तर त्या अर्ध्यातलंही अर्धंच मनाप्रमाणे देता येतं. उरलेलं मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेलं असतं.

मग वारस कोण हे ठरवायचं कसं? त्याला दोन वाटा आहेत. वाद नसेल तर विशेष नोटरीकडे वारसाहक्काचा दस्त होतो. इथे सगळे त्याला ‘सक्सेशन डीड’ म्हणतात. कोण वारलं, केव्हा, मागे कोण कोण आहेत हे त्यात नोंदलेलं असतं. पण त्यातून वारस ठरतात, घर कोणाच्या वाट्याला गेलं हे ठरत नाही. वाटणी हवी असेल किंवा कोणी अडून बसलं असेल, तर दिवाणी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ चालते. तिथे सगळ्या मालमत्तेची यादी होते, वारसांना बोलावलं जातं, आणि एकमत झालं नाही तर वारसांमध्येच बोली लागते. इन्व्हेंटरी पूर्ण झालेली असेल तर तो घेणाऱ्यासाठी सगळ्यात भक्कम कागद. मात्र अंतिम आदेश आणि वाटपाचा तक्ता दोन्ही मागा. ‘इन्व्हेंटरी चालू आहे, महिनाभरात संपेल’ या शब्दावर पैसे देऊ नका.

जाता जाता सांगतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला आहे की गोमंतकीयाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिचा वारसा याच कायद्याने ठरतो. म्हणजे गिरगावातला एखादा जुना फ्लॅट गोमंतकीय कुटुंबाकडून घेत असाल, तर वरचा सगळा हिशेब तिथेही लागू आहे. मुंबईत अनेकांना हे माहीतच नसतं.

परदेशातल्या वारसांची अडचण वेगळी. गोव्यातल्या पुष्कळ कुटुंबांतली माणसं पोर्तुगालमध्ये आणि इंग्लंडमध्ये आहेत. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं, आणि अनेकांनी ते घेतलं आहे. असा वारस विकणाऱ्यांत असेल तर तो आता परदेशी नागरिक आहे, आणि पैशांच्या देवाणघेवाणीला फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे, नियम लागतात. तो बहुधा मुखत्यारपत्रावरच व्यवहार करतो. ते पत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपॉस्टिल (परदेशात वापरायच्या कागदाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण) झालेलं हवं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागलेला हवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्र देणारा माणूस विक्रीच्या दिवशी हयात हवा. तो वारला की मुखत्यारपत्रही संपतं. माझ्या ओळखीच्या एका घरात सगळं जमलं होतं, फक्त लंडनच्या आत्याचं मुखत्यारपत्र जुनं होतं. घेणाऱ्याच्या वकीलबाईंनी हट्ट धरला की आत्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. घरच्यांना राग आला, पण कॉल झाला, आत्या बोलल्या आणि व्यवहार आठवड्यात पूर्ण झाला. असा हट्ट धरणारा वकील मिळाला तर त्याला सोडू नका.

कागद हातात घेतल्यावर

आपल्या सातबाऱ्यासारखा इथे ‘फॉर्म एक आणि चौदा’ असतो. तो गावांतल्या सर्व्हे नंबरांसाठी, म्हणजे पर्वरीसारख्या ठिकाणी. पणजी शहरात सिटी सर्व्हे आहे. तिथे ‘फॉर्म डी’, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं आणि जागेची ओळख ‘चलता नंबर’ आणि ‘पी. टी. शीट नंबर’ अशी लिहिलेली असते. विक्रीखतातले हे दोन आकडे, प्रॉपर्टी कार्डावरचे आकडे आणि नकाशावरचे आकडे शेजारी ठेवून एकेक करून जुळवा. चतुःसीमाही जुळवा. जुन्या दस्तांत ‘पूर्वेस अमक्याचं भाट’, म्हणजे बागायत, असं लिहिलेलं असतं आणि तो अमका केव्हाच विस्मरणात गेलेला असतो, म्हणून जागेवर सर्व्हेअर नेऊन मोजणी करून घ्यावी.

फॉर्मवरचं नाव म्हणजे मालकी नव्हे. ही पाहणी मुक्तीनंतर झाली आणि त्या वेळी जागेवर जो होता त्याचं नाव लागलं. मालकीचा धागा त्याच्याही मागे जातो, पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीपर्यंत. त्या नोंदवहीत मालमत्तेचं वर्णन एका क्रमांकाखाली असे आणि मालकाची नोंद दुसऱ्या क्रमांकाखाली. हे कागद पोर्तुगीज भाषेत असतात. त्यांची प्रमाणित प्रत आणि भाषांतर तुम्ही स्वतः, तुमच्या वकिलामार्फत काढा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. असं बजावण्यामागे कारण आहे. पोर्तुगीजकालीन बनावट दस्त तयार करून, मालक परदेशात किंवा निपुत्रिक वारलेला पाहून, जमिनी परस्पर स्वतःच्या नावावर करून विकण्याचे प्रकार गोव्यात इतके वाढले की सरकारला जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. रिकामं, बंद, वेलींनी झाकलेलं जुनं घर ‘स्वस्तात’ मिळत असेल तर हे आठवावं.

बंगल्यासाठी मोकळा भूखंड घेत असाल, तर फॉर्म एक आणि चौदा वाचायला शिकाच. त्यावर लागवडीखालच्या क्षेत्राचे रकाने असतात: जिरायत, बागायत, भात, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची सखल जमीन), केर, मोरड. तुमच्या भूखंडाचा आकडा भात किंवा खाजनाच्या रकान्यात असेल, तर तिथेच थांबा. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. त्याच कागदावर कुळाचं नाव आणि ‘इतर हक्क’ असे रकाने असतात. कुळाचं नाव दिसलं तर तो प्रश्न कूळ कायद्याखाली सुटल्याशिवाय जमीन मोकळी होत नाही, आणि कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

इतर हक्कांत मुंडकाराचं नाव असू शकतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर बांधून राहणारा तो मुंडकार. १९७५ च्या कायद्याने त्याला हटवता येत नाही आणि राहतं घर विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. हा हक्क कष्टकरी कुटुंबांना फार उशिरा मिळालेला न्याय आहे असं मी मानतो. त्यामुळे ‘तुम्ही घ्या, मुंडकाराला आम्ही उठवतो’ असं कोणी म्हणालं तर तो व्यवहार कायद्याच्या दृष्टीने कच्चा आणि माणुसकीच्या दृष्टीनेही चुकीचा. कागदावर नाव नसलं तरी मुंडकार असू शकतो, म्हणून जागेवर फिरा. कोपऱ्यात छोटं कौलारू घर, तुळशीवृंदावन किंवा खुरीस, म्हणजे क्रूस, दिसला, दोरीवर कपडे वाळत असले, की जाऊन बोला.

कोमुनिदादची, म्हणजे गावकरी संस्थेची जमीन हा आणखी एक प्रकार. ती भाडेपट्ट्याने किंवा ठरलेल्या पद्धतीनेच मिळते. एखाद्या गावकऱ्याला ती परस्पर विकता येत नाही.

घर बांधायचं तर जमिनीचा बिगरशेती वापर मंजूर करणारी सनद लागते आणि नगरनियोजन खात्याच्या आराखड्यात जागा वसाहतीच्या पट्ट्यात असावी लागते. झोन बदलून मिळालेली जागा असेल तर कोणत्या कलमाखाली बदलली ते विचारा. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झालेल्या बदलांवर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये कडक निकाल दिला आहे. असा झोन पुढे टिकेल का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

पाण्याची रेषा

आता समोरच्या पाण्याकडे वळू. पणजी ही मांडवी आणि आल्तिनोची टेकडी यांच्यामधल्या दलदलीत भर घालत वाढलेली आहे. १८४३ मध्ये ती राजधानी झाली. रायबंदरला जोडणारा लिनारिसचा लांबलचक पूल त्याआधी दोनशे वर्षं, १६३० च्या दशकात, खाजनांमधून बांधला गेला. शहराच्या एका बाजूला रुअ द ओरेंची खाडी फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या कडेने मळा नावाच्या भागाकडे जाते, दुसऱ्या बाजूला सांतिनेजची खाडी. दोन्हींत मांडवीची भरती चढते.

किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड, हे समुद्रापुरतंच असतं असा मोठा गैरसमज आहे. समुद्रकिनारी ते भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण भरतीचं पाणी जिथवर शिरतं त्या नदी-खाडीच्या काठालाही ते असतं: २०११ च्या अधिसूचनेनुसार १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी असेल ते. भरती कुठवर शिरते हे पाण्याच्या खारटपणावरून ठरवतात. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात हजार भाग पाण्यात पाच भाग क्षार जिथवर आढळतात तिथवर. म्हणून समुद्रापासून कितीतरी किलोमीटर आत, नारळीच्या बागेत शांत वाहणाऱ्या ओहळाच्या काठचं घरही सीआरझेडमध्ये असू शकतं. खारफुटीचं क्षेत्र हजार चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा आणखी. खाजन जमिनींना गोव्यासाठीच्या विशेष तरतुदीत स्वतंत्र संरक्षण आहे.

शहरात आणि गावात नियम वेगळे. पणजीसारख्या वसलेल्या शहरी भागात, म्हणजे सीआरझेड-दोनमध्ये, जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधकाम होऊ शकतं. पाण्याकडच्या बाजूला नाही. गावांत, सीआरझेड-तीनमध्ये, समुद्राकडचा पहिला २०० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद, आणि खाडीकाठचा तो १०० मीटरचा पट्टाही बंदच. गोव्याच्या किनारी आराखड्याला २०११ च्या नियमांनुसार मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. २०१९ ची नवी, काहीशी सैल अधिसूचना त्यावर बेतलेला आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते. ‘आता ५० मीटरच आहे हो’ असं दलाल सांगतो तेव्हा हा फरक त्याला विचारा. तुमच्या सर्व्हे नंबरावर भरतीरेषा आणि बंदी रेषा नक्की कुठून जाते, हे मंजूर आराखड्याच्या नकाशावर बघायचं.

या सगळ्यात एक तारीख पाठ करून ठेवा: १९ फेब्रुवारी १९९१. पहिली किनारा अधिसूचना त्या दिवशी निघाली. बंदी पट्ट्यातलं घर त्याआधीचं असेल तर ते राहू शकतं, दुरुस्त होऊ शकतं. मात्र दुरुस्तीलाही किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते आणि घराचा पसारा वाढवता येत नाही. त्यानंतर परवानगीशिवाय बांधलेलं असेल तर ते पाडलं जाऊ शकतं, आणि गोव्यात अशी बांधकामं न्यायालयांच्या आदेशांनी पाडली गेली आहेत. मग ‘जुनं आहे’ हे सिद्ध कसं करायचं? जुन्या सर्व्हे नकाशावर घराची आकृती आहे का बघा. १९९१ पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं मागा. आकृती असेल तर तिचा आकार आजच्या घराशी ताडून बघा. नकाशावर चौकोनी घर आणि जागेवर मागे दोन खोल्या व वर मजला असेल, तर त्या खोल्या आणि मजला नंतरचे आहेत.

घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत झालं, असं अनेक जण मनापासून मानतात. तसं नाही. बेकायदा घरालाही घरपट्टी आकारली जाते. ती कर भरल्याची पावती आहे, परवानगी नव्हे. बेकायदा बांधकामं नियमित करण्याचा २०१६ चा कायदा आहे, पण सीआरझेडमधल्या बांधकामांना त्याचा उपयोग नाही.

कायद्याची रेषा झाली, आता प्रत्यक्ष पाणी. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. हे पाणी नाल्यांतून दोन खाड्यांत आणि तिथून मांडवीत उतरतं. उधाणाच्या भरतीला मांडवी दोन मीटरहून जास्त चढते. त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर शहराचं पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही. ते मळ्यात, १८ जून रस्त्यावर, सांतिनेजच्या सखल गल्ल्यांत साचतं आणि ओहोटी लागली की हळूहळू उतरतं. म्हणून घर बघायला जुलैत या. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दोन-तीन दिवसांत, भरतीच्या वेळी. भरतीची वेळ काढायची कोकण किनाऱ्यावरची सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमारास दोन्ही वेळा भरती. त्या वेळी पाऊस कोसळत असेल तर छत्री घेऊन त्या गल्लीत उभे राहा आणि नाल्याच्या तोंडाशी पाणी कोणत्या दिशेने वाहतं आहे ते बघा. खाडीकडून गल्लीकडे येत असेल तर दुसऱ्या कोणाला विचारायची गरज उरत नाही. जुलैत येणं जमलंच नाही, तर गल्लीतल्या किराणा दुकानात जा. खालच्या फळीवर माल का ठेवत नाही, हे दुकानदार नीट सांगतो.

पूर्वी हे पाणी सांभाळायची व्यवस्था होती. खाजनांना बांध आणि बांधांना मानस, म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला दारं आपोआप उघडून आतलं पाणी बाहेर सोडत, भरतीला बंद होऊन खारं पाणी अडवत. पावसाळ्यात हीच खाजनं पुराचं पाणी पोटात घेत. एखाद्या वसाहतीसाठी शेजारचं खाजन भरून काढलं जातं, तेव्हा तिथे जाणारं पाणी कुठेतरी जातंच. बहुधा शेजारच्या जुन्या वाड्यावर. ‘समोर मोकळी हिरवळ, कायमचं दृश्य’ म्हणून जास्त पैसे मोजत असाल, तर त्या हिरवळीचं काय होणार हे गावच्या ग्रामसभेत जाऊन ऐका. आणि ती वाचवण्यासाठी लोक उभे राहिले असतील तर त्यांच्याबरोबर उभे राहा. त्यात तुमचंही घर कोरडं राहणार आहे.

खारा वारा

पाण्याजवळच्या इमारतीला पुराइतकाच त्रास खाऱ्या वाऱ्याचा. क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, गंजाने फुगते आणि वरचं काँक्रीट सोलून काढते. मिरामार, करंजाळे, दोनापावला भागातली जुनी इमारत बघताना फ्लॅटमधला नवा रंग आणि नव्या फरशा बाजूला ठेवा. खाली पार्किंगमधल्या खांबांचे तळ बघा, छज्जांच्या खालच्या बाजू बघा, गच्चीवरच्या टाकीचा स्लॅब बघा. उभ्या रेषेत गेलेली तडा आणि तिच्याखाली तांबूस ओघळ म्हणजे आतली सळई गंजते आहे. वरून प्लास्टर मारलेलं असेल तर छोट्या हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला की आत जागा सुटली आहे. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायला लागणारा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य असतो.

खालच्या मजल्यावर विजेचे मीटर किती उंचीवर आहेत, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा वर आहे का, हेही बघा. पणजी शहराला मलनिस्सारणाची वाहिनी आहे आणि टोंकला प्रक्रिया प्रकल्प आहे. शहराबाहेर बहुतेक ठिकाणी सेप्टिक टाकीच. खाडीकाठी जमिनीखालचं पाणी इतकं वर असतं की पावसाळ्यात शोषखड्डा काही शोषत नाही, आणि ते सांडपाणी शेजारच्या विहिरीत उतरतं.

विमा मात्र जरूर घ्या. ‘भारत गृह रक्षा’ ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून आहे, आणि पूर-वादळाचं नुकसान तिच्यात धरलेलं असतं.

फ्लॅट आणि पैसे

नव्या प्रकल्पाची गोवा रेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंद बघा. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर असेल किंवा त्यात आठहून अधिक फ्लॅट असतील तर ती नोंद सक्तीची आहे. तयार इमारतीला नियोजन प्राधिकरणाचा पूर्णत्वाचा दाखला आणि पणजी महापालिकेचा भोगवटा दाखला, दोन्ही हवेत. गोव्यात फ्लॅटबरोबर बहुधा जमिनीतला अविभाज्य वाटाही तुमच्या नावे होतो. तो विक्रीखतात किती लिहिला आहे ते वाचा. जुन्या इमारतींत सोसायटी नोंदलेलीच नसते, मग गच्ची दुरुस्त कोणी करायची यावर वर्षं जातात. फोंताइन्हाससारख्या भागात घर संवर्धन क्षेत्रात येतं. तिथे दर्शनी भाग, उंची, कौलं यांत फेरफार करायला वेगळी परवानगी लागते, आणि आत जुना भाडेकरू असेल तर १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे. सुट्टीपुरतं राहून एरवी पर्यटकांना भाड्याने द्यायचा बेत असेल, तर पर्यटन खात्यात नोंदणी करावी लागते.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणाऱ्यांत कोणी अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावर कापायचा कर बराच मोठा असतो. नऊ विकणारे असतील आणि त्यांतले तीन परदेशात असतील, तर प्रत्येकाचा वाटा, प्रत्येकाचा पॅन आणि प्रत्येकाचा निवासी दर्जा करारनाम्यातच लिहून घ्या, आणि पैसे ज्याच्या-त्याच्या खात्यात द्या. एका भावाच्या खात्यात सगळी रक्कम टाकून ‘तुम्ही आपापसांत वाटून घ्या’ असं करू नका.

बयाणा देताना करारात अट घाला की सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार ठरलेल्या मुदतीत सह्या करतील आणि नाही केल्या तर बयाणा परत मिळेल. बयाण्याआधी वकिलाने निबंधकाकडे निदान तीस वर्षांचा शोध घेतलेला असावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिलेली असावी. नोटीस एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात द्या. गावातल्या नातेवाइकांच्या नजरेला मराठी दैनिक पडतं. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ आहेत असंही धरू नका. बँक स्वतःच्या कर्जापुरतं बघते.

विक्रीखत नोंदवलं की लगेच फेरफारासाठी अर्ज करा, म्हणजे फॉर्मवर तुमचं नाव चढेल. फेरफाराची नोटीस जुन्या नावांच्या सगळ्यांना जाते आणि हरकतीसाठी मुदत असते, ती संपेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. त्यापाठोपाठ घरपट्टी, वीज आणि पाण्याची जोडणी नावावर करून घ्या. सही झाल्यावर ही कामं ‘नंतर बघू’ म्हणून वर्षानुवर्षं राहून गेलेली मी अनेक घरांत पाहतो, आणि फॉर्मवर वारलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलेली बंद घरंच जमीन हडपणारे हेरून ठेवतात.